दिवटीच्या उजेडात सोनी झेडव्ही-१

अंधारात चालेल असा छोटा कॅमेरा घ्यायचा असेल तर दुकानदाराला मेगापिक्सेल विचारू नका, झूम तर अजिबात विचारू नका. लेन्सच्या कडेला बारीक अक्षरांत जे आकडे छापलेले असतात ते वाचा, आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो. तिथे १.८-२.८ असं काही असेल तर पुढचं बोला. ३.५-६.५ असेल तर कॅमेरा कितीही देखणा असो, नमस्कार करून दुकानाबाहेर पडा. मी सोनीचा झेडव्ही-१ घेतला, तोही जुना, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका पोराकडून. नवरात्र, सप्ताह, शाळेची सहल, सगळं त्याच्यावर काढून झालंय, तेव्हा चांगलं-वाईट दोन्ही सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, राहायला अंबाजोगाईत. फोटोग्राफर वगैरे काही नाही. गोंधळ, भारूड, सप्ताहातलं कीर्तन असलं जे काही रात्री होतं ते रेकॉर्ड करून ठेवायचा नाद आहे, इतकंच. आमच्या भागातले चांगले संबळ वाजवणारे आता साठीच्या पुढे गेलेत आणि त्यांची पोरं पुण्याकडं कंपनीत लागलीत. त्यामुळं हा नाद जरा घाईचा झालाय.

आता या सगळ्या ठिकाणी उजेड किती असतो ते बघा. गोंधळ घराच्या अंगणात. मधोमध धान्याचा चौक भरलेला, त्यावर कलश, भोवती उसाची नाहीतर ज्वारीची पाच ताटं वर एकत्र बांधलेली. ओसरीच्या तुळईला नऊ वॅटचा एक बल्ब. आणि गोंधळ्याच्या हातात तेल प्यायलेली दिवटी. एवढ्यावर रात्र निघते. माणसं सावलीत, चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी काळी. आणि जो मुख्य माणूस आहे तो एका जागी उभा राहत नाही, गिरकी घेतो, वाकतो, पुढं येतो, मागं जातो.

फोनवर आधी पुष्कळ काढलं. फोनचा नाइट मोड वाईट नाही, उलट मूर्ती, दीपमाळ, रिकामा मंडप असलं काही असेल तर तो चकित करतो. पण तो करतो काय, तर लागोपाठ बरेच फोटो घेतो आणि एकावर एक बसवून त्यातला एक स्वच्छ फोटो तयार करतो. मूर्ती हलत नाही म्हणून ते जमतं. संबळ वाजवणारा हलतो, मग हाताच्या जागी धूर दिसतो. व्हिडिओत तर तेही नाही. उजेड कमी पडला की फोन शटर हळू करतो, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि दाणे, म्हणजे अंधारात चित्रावर येणारे बारीक ठिपके, पुसायच्या नादात चेहराच पुसून टाकतो. म्हातारबाबांच्या गालावरच्या सुरकुत्या गेल्या, मिशी तेवढी राहिली, असे माझ्याकडे कितीतरी व्हिडिओ आहेत. एक इंची सेन्सरचे महागडे फोन आता मिळतात, ते यापेक्षा बरे असणार. तुमच्याकडे तसला असेल तर हे पुढचं वाचायची गरजही पडणार नाही.

मग उजेडच का वाढवू नये? मीही एकदा छोटं एलईडी पॅनेल घेऊन गेले होते. लावलं, तसे गोंधळी बाबा थांबले आणि म्हणाले, "बाई, ते तुमचं बंद करा बरं. तुमच्या लायटीनं आमची दिवटीच दिसंना झाली." खरंच होतं ते. पांढऱ्या उजेडात दिवटीची ज्योत नुसती फिकट पट्टी दिसत होती. ज्याच्यासाठी गेले तेच मारून टाकलं तर काय उपयोग. तेव्हा उजेड आहे तेवढाच राहणार, बदलायचा तर कॅमेरा, हे त्या रात्री ठरलं.

छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडं गेले होते तेव्हा तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, बरोबर घेऊन दुकानं पालथी घातली. दुकानांची नावं सांगत नाही, कारण सगळीकडं गोष्ट एकच. एका दुकानदारानं मोठ्या आदरानं काचेच्या कपाटातून एक लांब नाकाचा कॅमेरा काढला. "मॅडम, साठ पट झूम. देवळाच्या बाहेर उभं राहून कळसावरचं पाखरू टिपा." मी म्हटलं, मला गोंधळ काढायचाय. "त्याच्यासाठी तर बेस्ट!" असं म्हणून त्यानं झूम करून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दाखवली. भर दुपारी. मी म्हटलं, दुकानातले दिवे घालवा आणि मग दाखवा. दिवे काही त्यानं घालवले नाहीत.

त्या कॅमेऱ्यात खोट अशी काही नव्हती. दिवसा पक्षी बघायला तो उत्तमच. पण असल्या लांब झूमच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. 'एक इंची' म्हणून जो विकला जातो तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. गुणाकार केला तर क्षेत्रफळ चौपट भरतं, आणि रात्रीच्या कामात तेवढा फरक डोळ्यांनी दिसतो. दुसरं म्हणजे लेन्सचं तोंड. अ‍ॅपर्चरचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, आणि प्रकाश वर्गाच्या हिशेबानं वाढतो. १.८ च्या लेन्समधून २.८ च्या जवळपास अडीच पट प्रकाश येतो, आणि ५.६ च्या तर नऊ पटींहून जास्त. आठवीच्या मुलांना हे फळ्यावर करून दाखवलं तर समजतं, दुकानदाराला मात्र समजून घ्यायचं नसतं.

ऑनलाइन दोन-पाच हजारांत मिळणारे ते '६४ मेगापिक्सेल, ४के, १६ पट डिजिटल झूम' लिहिलेले कॅमेरे आहेत ना, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. आत इवलासा सेन्सर, आणि मेगापिक्सेल ताणून फुगवलेले. शाळेतल्या एका सरांनी मुलीच्या हट्टापायी घेतला. त्यावर काढलेला स्नेहसंमेलनाचा फोटो आणि माझ्या जुन्या फोनवरचा फोटो शेजारी ठेवले, तर फोनचाच बरा निघाला.

भाच्यानं घरी आल्यावर यादी केली, आणि खरं सांगायचं तर त्या यादीवर आम्ही भांडलो. त्याला फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय हवा होता, म्हणजे मी घ्यावा आणि त्यानं वापरावा. २०२४ साली आलेला, ४० मेगापिक्सेल, मोठा एपीएस-सी सेन्सर, एफ २ ची लेन्स, आतमध्ये हात-थरथर सांभाळायची सोय. कॅमेरा म्हणून देखणाच आहे. पण तेव्हा दीड लाखाच्या घरात जात होता, आणि दीड लाखात आमच्याकडे गोठा बांधून होतो. ही वस्तू अंगणातल्या गर्दीत गळ्यात घालून मी निर्धास्त फिरू शकले नसते. रिकोचा जीआर ३ मला जास्त मोहात पाडत होता. २५७ ग्रॅम, खरोखर कुर्त्याच्या खिशात मावेल एवढा, आणि सेन्सर तोच मोठा एपीएस-सी. मात्र लेन्स २.८, झूम नाही, व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच, आणि बाहेरचा माइक लावायला ३.५ मिलिमीटरचं भोक नाही. नुसते फोटोच काढायचे असते तर तोच घेतला असता. मला संबळ ऐकवायचा होता.

कॅननचा जी७ एक्स मार्क ३ जवळजवळ ठरला होता. २०१९ चा, झेडव्ही-१ सारखाच एक इंची सेन्सर आणि १.८ ते २.८ ची लेन्स, झूम झेडव्ही-१ पेक्षा थोडा जास्त म्हणजे १०० मिलिमीटरपर्यंत (हा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), माइकची सोय, शिवाय छोटा फ्लॅशही. फोटोतले त्वचेचे रंग मला कॅननचेच आवडतात. नडलं ते फोकसचं. त्याचा फोकस कॉन्ट्रास्ट बघून पुढं-मागं चाचपडत बसतो, आणि अंधारात हलणारा माणूस असला की हे चाचपडणं व्हिडिओत दिसतं. झेडव्ही-१ मध्ये फेज डिटेक्शन आहे, म्हणजे फोकस कुठल्या बाजूला न्यायचा ते त्याला चाचपडल्याशिवाय कळतं, तो चेहरा पकडतो आणि सहसा सोडत नाही. शिवाय कॅननचा हा कॅमेरा सध्या कॉलेजच्या पोरापोरींमध्ये एवढा चाललाय की जुनाही नव्याच्या भावात सांगतात.

सोनीच्याच आरएक्स१०० मार्क ७ बद्दल एका वाक्यात: २०० मिलिमीटरपर्यंत झूम हवा म्हणून लेन्स २.८ ते ४.५ केलीय, म्हणजे माझ्या कामातून बाद. आणि झेडव्ही-१ चा धाकटा भाऊ झेडव्ही-१ एफ किंवा नंतर आलेला झेडव्ही-१ मार्क २ स्वस्तात दिसला तर एक गोष्ट लक्षात ठेवा, त्या दोघांत लेन्समधलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सांभाळायची सोय, काढून टाकलंय. व्हिडिओत इलेक्ट्रॉनिक स्थिरता मिळते, पण लेण्यांतल्या अंधारात हातात धरून फोटो काढताना ते नसणं जाणवेल. डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ चालता चालता व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी आहे. गिंबलवर, म्हणजे हलणं झेलणाऱ्या मोटारीच्या दांड्यावर, बसवलेला एक इंची सेन्सर, एफ २ ची लेन्स, दिंडीबरोबर चालत जायचं असेल तर त्याच्यासारखा तोच. पण ऑप्टिकल झूम नाही, आणि सगळं २० मिलिमीटरच्या रुंद नजरेतून दिसतं. अंगणाच्या कडेला बायकांत बसून बाबांचा चेहरा जवळून हवा असेल तर त्याचा उपयोग नाही.

जुना घेताना काय बघितलं ते सांगते, कारण हा कॅमेरा २०२० सालचा आहे आणि बहुतेकांना तो जुनाच परवडेल. पहिलं, चालू-बंद करून लेन्स बाहेर येताना-आत जाताना कान देऊन ऐका. वाळू चावल्यासारखा आवाज आला तर परत द्या. दुसरं, अ‍ॅपर्चर एफ ११ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे-राखाडी ठिपके दिसले की सेन्सरवर धूळ बसलीय. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सचे कॅमेरे हवा आत ओढतात, हवेबरोबर धूळ जाते, आणि लेन्स काढता येत नसल्यानं ती साफ करायची तर अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. तिसरं, फोनचा टॉर्च लेन्सवर तिरपा मारून आत बुरशीची जाळी आहे का बघा. मला विकणारा पोरगा हे सगळं करू देत होता, मध्येच म्हणाला, "मावशी, स्थळ बघायला आल्यासारखं करताय." चाळीस हजारांच्या आसपास सौदा झाला, वर दोन बॅटऱ्या आणि ती केसाळ टोपी. कॅमेऱ्याच्या डोक्यावर तीन माइक आहेत, त्यांना वारा लागू नये म्हणून ही टोपी कंपनीच देते. शाळेतल्या मुलांना कॅमेऱ्यात तीच सगळ्यात आवडते.

आता गोंधळाची रात्र. पहिल्या रात्री सगळं ऑटोवर ठेवलं तर दिवटीचा रंग गेला. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपणहून करतो ती रंगांची जुळवणी, पिवळेपणा 'दुरुस्त' करते, अंगण दवाखान्यासारखं दिसायला लागतं. मग केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा स्वतः द्यायला शिकले. तेलाची ज्योत २००० च्या आसपास असते, कॅमेरा २५०० च्या खाली जात नाही. ३२०० वर ठेवला की ज्योत ज्योतीसारखी दिसते आणि चेहरे तांबूस, जसे खरंच दिसत होते तसे. बल्ब पांढरा असेल तर तो जरा निळसर येतो. येऊ द्यावा.

शटरचं जास्त महत्त्वाचं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेरा एनटीएससीवर, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमवर असेल आणि शटर १/६० सेकंद असेल तर पडद्यावर काळे पट्टे हळूहळू वर सरकत राहतात. पुष्कळ लोक याला कॅमेऱ्याचा दोष समजतात. मेन्यूत जाऊन पाल, म्हणजे ५० हर्ट्झला जुळणारी पद्धत, निवडायचं, २५ किंवा ५० फ्रेम घ्यायच्या, शटर १/५० किंवा १/१००, पट्टे गायब. फक्त पाल-एनटीएससी बदलताना कार्ड फॉरमॅट करायला सांगतो, आधी आतलं सगळं उतरवून घ्या. सप्ताहाच्या मंडपात जनरेटर असतो तिथं थोडी पंचाईत होते. स्पीकर, मर्क्युरी, चहावाल्याची शेगडी असा भार एकदम वाढला की जनरेटर दमतो, ५० चे ४८ होतात आणि पट्टे पुन्हा हलू लागतात. तिथं शटरचा आकडा थोडा मागंपुढं करून बघते, नाहीतर सोडून देते. कीर्तन ऐकायचं का पट्टे मोजायचे?

फोटोंसाठी मॅन्युअल मोड, शटर १/१००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ (कमी उजेड किती वाढवून दाखवायचा त्याचा आकडा) ऑटो पण कमाल मर्यादा ३२००. गिरकी घेणारा माणूस १/१०० ला बऱ्यापैकी थांबतो, टिपऱ्या पुसट येतात आणि त्या तशाच छान दिसतात. आयएसओ १६०० पर्यंत फोटो स्वच्छ, ३२०० ला दाणे दिसतात पण चेहरा चेहऱ्यासारखा राहतो, ६४०० फक्त व्हॉट्सअ‍ॅपपुरता. १२८०० आहे म्हणून आहे. आणि हे लक्षात ठेवा की १.८ हा आकडा फक्त सगळ्यात रुंद टोकाला मिळतो. जरासा झूम केला की लेन्स २.८ वर येते. म्हणून फोटोंसाठी मी शक्यतो झूम करत नाही, उठून पुढं जाते. बाईमाणूस कॅमेरा घेऊन पुढं आलं तर सुरुवातीला बघतात सगळे, नंतर विसरतात.

एक फोटो असा मिळालाय. बाबा वाकून दिवटीत तेल ओततायत, बुधलीच्या तोंडाशी तेलाचा थेंब लोंबतोय आणि त्या थेंबात अख्खी ज्योत दिसतीय. बोटांच्या नखांत काजळी, करंगळीला चांदीचं वळं. मागं चौकाभोवतीची ताटं नुसत्या उभ्या रेघा. पूर्ण मोठा करून बघितला तर दाणे आहेत, भरपूर आहेत. तालुक्याच्या गावात छापून आणला तेव्हा एकही दिसला नाही.

आवाजाचं मात्र कौतुक करायला हवं. संबळ फार दांडगं वाद्य. ऑटोवर ठेवलं की पहिल्या थापेला कॅमेरा घाबरून आवाज खाली ओढतो, मग तुणतुणं आणि गाणं दोन्ही बुडतात, थाप थांबली की परत वर चढवतो. सगळं रेकॉर्डिंग दम लागल्यासारखं वाटतं. यात आवाजाची पातळी हातानं ठरवता येते. संबळाच्या सर्वांत जोरदार थापेला पट्टी लालच्या खाली राहील एवढी ठेवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. बाहेरचा छोटा माइक लावून तो तुणतुणेवाल्याच्या बाजूला ठेवला तर गाण्याचे शब्दही सुटे येतात. एकेका देवाला गावाच्या नावानिशी बोलावतात ना, ती नावं कळायला पाहिजेत. तोच तर सगळा ठेवा आहे.

सहलीला वेरूळला नेला तेव्हा वेगळीच बाजू दिसली. लेणी हलत नाहीत, त्यामुळं तिथं शटर १/१५, कधी १/८ पर्यंत खाली आणता येतं, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ते निभावून नेतं. श्वास सोडून, कोपरं पोटाशी घट्ट धरून काढायचं, लागोपाठ तीन-चार. दहाव्या लेण्यात, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात, वरच्या गवाक्षातून येणारा उजेड छताच्या कोरीव फासळ्यांवर उतरतो. तिथं आयएसओ ४०० वर काढलेला फोटो अजून शाळेच्या कपाटावर लावलाय. पण कॅमेऱ्यापेक्षा तिथं वेळ मोठी. वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, दुपार कलल्यावर उजेड आत शिरतो. सहलीवाले सकाळी नऊला पोरं उतरवतात आणि बाराला दौलताबादला हाकतात, मग म्हणतात अंधार होता. मंगळवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा बंद असतं, तेही बघून निघा. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश चालत नाही. झेडव्ही-१ ला फ्लॅश मुळातच नाही, त्यामुळं रखवालदार आपल्याकडं ढुंकून बघत नाही. ट्रायपॉड मात्र बाहेरच ठेवावा लागतो, त्याला वेगळी परवानगी लागते.

तक्रारी आहेत, आणि साध्या नाहीत. बॅटरी फारच छोटी, व्हिडिओला पाऊण तासाच्या आत मान टाकते. गोंधळ रात्रभर चालतो. तोड एवढीच की पॉवर बँक जोडून कॅमेरा चालवता येतो, पण चार्जिंगचं भोक जुन्या पद्धतीचं मायक्रो यूएसबी, घरात आता ती वायर शोधावी लागते. ट्रायपॉडची प्लेट लावली की बॅटरीचं झाकण उघडत नाही, कारण दोन्ही एकमेकांना चिकटून. ४के व्हिडिओला कॅमेरा तापतो. मेन्यूत तापमानाची मर्यादा 'हाय' केली नाही तर काही मिनिटांत बंद पडतो, आणि बीड-परभणीकडच्या वैशाखात 'हाय' करूनही भरवसा नाही. मी ४के वापरतच नाही. फुल एचडी ५० फ्रेम, ५० एमबीपीएस, तासाला साधारण साडेबावीस जीबी. ४के ला त्याच्या दुप्पट, ते साठवायचं कुठं? डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, दुपारच्या उन्हात पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. आणि अंगानं गुळगुळीत, घामेजल्या हातातून सटकतो. मनगटाची दोरी काढू नका.

सगळ्यात मोठी भीती भंडाऱ्याची. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा असो की माळेगावची यात्रा, येळकोट म्हटलं की मूठमूठ हळद हवेत उडते. तुळजापुरात कुंकू. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सला याच्याएवढा वैरी नाही. मी जाड प्लॅस्टिकची झिपची पिशवी घेते, लेन्सपुरतं भोक पाडून कडेला रबर लावते, आणि मुख्य म्हणजे उधळण चालू असेपर्यंत झूमही करत नाही आणि कॅमेरा बंदही करत नाही, कारण लेन्स आत गेली की भंडारा घेऊनच जाते. गाडीत परत आल्यावर मऊ ब्रशनं झटकायचं आणि मगच बंद. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा लागला की हळद चिकटते.

तेव्हा घ्यावा का? रात्रीचा कार्यक्रम, जवळून, आवाजासकट हवा असेल तर या पैशात मला दुसरा दिसत नाही. मुलांचे वाढदिवस आणि तिरुपतीची ट्रिप एवढंच असेल तर फोन पुरे. कीर्तन मंडपाच्या मागच्या टोकाला बसून काढायचं असेल तर हा नको, ७० मिलिमीटरला, म्हणजे याच्या पूर्ण झूमला, महाराज अंगठ्याएवढे दिसतात.

एक राहिलं. रेकॉर्डिंग झाल्यावर मी त्याची प्रत बाबांना देते, कारण पुढच्या यजमानाला दाखवायला त्यांना ती उपयोगी पडते. बिदागी वेगळी, प्रत वेगळी. ती पेन ड्राइव्हवर द्यायची असेल तर आधी विचारा टीव्ही कोणता आहे. यातली फाइल एमपी४च असते. पण खेड्यातल्या जुन्या टीव्हींना पुष्कळदा एफएटी३२ फॉरमॅटचाच पेन ड्राइव्ह वाचता येतो, आणि त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. म्हणजे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून द्यावे लागतात. भाचा ते काम करून देतो, तुकडा तोडायचा मात्र मी सांगेन तिथंच, नाहीतर हा बरोबर आरतीच्या मध्ये कापतो.